एक कड धरावी, एक सोडावी

रुंद फळ्यांची लाकडी जमीन हवी, आणि त्या फळ्यांमध्ये वर्षभर एकही फट दिसता कामा नये, अशी मागणी हल्ली फार ऐकू येते. माझं स्पष्ट मत असं, की या दोन गोष्टी एकत्र मागू नयेत. आणि "देतो की, त्यात काय!" असं म्हणणारा कारागीर भेटलाच, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं बालपण सारवलेल्या जमिनीवर आणि बाकीचं आयुष्य लाद्यांवर गेलं, तुम्हाला लाकडी जमिनीचं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. पण लेक गेली कित्येक वर्षं अमेरिकेत, बॉस्टनच्या उत्तरेला राहते, आणि दर एकदोन वर्षांनी माझा तिथे मुक्काम असतो. २०२४ मध्ये तिच्या घराच्या खालच्या मजल्यावरचा जुना गालिचा काढून तिथे ओकच्या रुंद फळ्या घालायचं ठरलं. दोन कारागीर येऊन गेले. पहिला म्हणाला, खिळे ठोकून दोन दिवसांत काम संपवतो. दुसरा म्हणाला, आधी फळ्या घरात ठेवू, ओलावा मोजू, मग खिळे आणि चिकटद्रव्य दोन्ही वापरू. दीड-दोन महिने धरा. शिवाय त्याचे पैसेही जास्त. घरात दोन तट पडले. मी दुसऱ्याच्या बाजूने होते, आणि त्याचं कारण खिळ्यात नव्हतं, भूगोलात होतं. तीसहून जास्त वर्षं मी तो विषय शिकवला आहे.

सापेक्ष आर्द्रता हा धडा मुलांना नेहमी कंटाळवाणा वाटायचा. थंड हवेत बाष्प कमी मावतं, गरम हवेत जास्त, एवढंच त्याचं सार. आता हे न्यू इंग्लंडच्या हिवाळ्याला लावून बघा. बाहेर उणे १० अंश सेल्सिअस, आर्द्रता ८० टक्के. तीच हवा घरात आली आणि हीटरने २१ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते १० टक्क्यांच्या आसपास. बाष्प तेवढंच, पण हवेची भूक वाढलेली. स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास यांनी ती थोडी भागते, तरी ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. उलट जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हवा आपल्या मुंबईची आठवण करून देण्याइतकी दमट होते. एकाच घरात वर्षाकाठी दोन हवामानं नांदतात म्हणा ना.

लाकूड या हवेच्या तालावर चालतं. झाड तोडून, कापून, भट्टीत वाळवून, पॉलिश करूनही चालतं. खोलीची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड सावकाश स्वतःच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं. ५० टक्के असेल तर ९ टक्क्यांवर. ७० असेल तर १३ टक्क्यांवर. ओलावा वाढला की फळी फुगते, कमी झाला की आकसते. गंमत अशी, की हे सगळं घडतं रुंदीत आणि जाडीत. लांबीत फरक नगण्य. आपल्याकडे हे प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे, फक्त त्याचं गणित कुणी मांडलं नाही. पावसाळ्यात दार चौकटीत अडतं ते रुंदीला. जेवणाचा पाट उभा चिरतो, आडवा कधी चिरत नाही, कारण खालच्या दोन आडव्या पट्ट्यांनी त्याची रुंदी जखडून ठेवलेली असते आणि उन्हाळ्यात त्याला आकसायला वाव उरत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत लाकडी फळे होते, तीन-चार फळ्या जोडून केलेले. एप्रिलमध्ये त्यांच्या सांध्यांत खडूचं टोक अडकायचं, जुलैत तीच रेघ सुरळीत ओढता यायची.

आता थोडं गणित, घाबरू नका. ओकची फळी १० इंच रुंद असेल, तर तिच्यातला ओलावा एका टक्क्याने बदलला की तिची रुंदी जवळजवळ एक मिलिमीटरने बदलते. दहा इंच, एक टक्का, एक मिलिमीटर. (हे बाजारात सर्रास मिळणाऱ्या साध्या कापाच्या फळीचं माप. वलयं पृष्ठभागाला काटकोनात येतील अशी कापलेली फळी याच्या निम्म्याहूनही कमी हलते, पण ती महाग पडते.) उन्हाळा आणि हिवाळा यांत चार टक्क्यांचा फरक धरला, तर पावणेचार मिलिमीटर. लेकीची खोली १४ फूट रुंद. तेवढ्या रुंदीला १० इंची फळ्या बसतात सतरा, आणि सगळ्यांच्या हालचालीची बेरीज होते सुमारे अडीच इंच! भिंतीच्या कडेला पाऊण इंच जागा सोडायची पद्धत आहे, पण अडीच इंच त्यात कसे मावणार?

इथे खिळ्याचं खरं काम कळतं. पुष्कळांना वाटतं, खिळा फळीची हालचाल थांबवतो. एवढ्याशा खिळ्याची काय बिशाद! ही हालचाल सगळी एका भिंतीकडे लोटली न जाता प्रत्येक फळीने आपली आपल्या दारात आटपावी, एवढी वाटणी खिळा करतो.

ही जमीन बांधतात कशी, ते थोडक्यात सांगते. खाली लाकडी तुळया, त्यांच्यावर प्लायवुडचे जाड तक्ते, म्हणजे सबफ्लोअर, आणि त्यावर पाऊण इंच जाडीच्या फळ्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ असते, दुसऱ्या कडेला खाच. जिभेच्या मुळाशी, तिरका, ४५ अंशांत खिळा मारतात. पुढच्या फळीची खाच त्या जिभेवर बसली की खिळा झाकला जातो. हे खिळे खाचेदार असतात, त्यांना क्लीट म्हणतात; हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रावर हातोडा हाणून ते आत घालतात. नीट पाहिलंत तर ही युक्ती फार शहाणपणाची आहे. फळीची एक कड खिळ्यानं पक्की धरली जाते. दुसरी कड शेजारणीच्या जिभेवर नुसती टेकलेली असते. वर उचलली जात नाही, पण आडवी सरकू शकते. जुन्या दारांतला दिलहा आठवा. चौकटीच्या खाचेत ती पातळ फळी नुसती बसवलेली असते, तिला कुठेही खिळा नसतो. म्हणून दार शंभर वर्षं टिकतं. आपले सुतार हे वर्गात बसून शिकले नव्हते.

मग अडचण कुठे येते? रुंदीत. नेहमीची अरुंद पट्टी सव्वादोन इंचांची. आमच्या १४ फुटी खोलीत त्या पंचाहत्तर बसतील. म्हणजे खिळ्यांच्या पंचाहत्तर रांगा आणि हालचाल वाटून घ्यायला तेवढेच सांधे. हिवाळ्यातली एकेक फट एक मिलिमीटरच्याही आत. कुणाच्या लक्षातही येत नाही. १० इंची फळ्या घेतल्या की सांधे उरले सतरा आणि खिळ्यांच्या रांगाही सतराच. प्रत्येक फळीला हलायचं आहे चौपट, आणि तिला धरणारे खिळे राहिले चौथा हिस्सा. कड धरलेली असते, पण दहा इंचांचं पोट मोकळं. खालून ओल आली की ते पोट खोल जातं आणि कडा उचलतात, फळी पन्हळासारखी होते. म्हणून रुंद फळीला दर सहा-आठ इंचांवर खिळा आणि शिवाय खालून चिकटद्रव्य हवं, असं त्या धंद्यातले जाणते सांगतात. हे चिकटद्रव्य आपल्या फेव्हिकॉलसारखं वाळून कडक होणारं नसतं. वाळल्यावरही ते रबरासारखं राहतं. फळीला खाली धरून ठेवतं, पण आडवं थोडं ताणू देतं. नागमोडी रेघांत ते सबफ्लोअरवर घालतात. जीभ आणि खाच मात्र एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. तसं केलं तर दहा फळ्यांची मिळून एकच अगडबंब फळी होते आणि ती मन मानेल तिथे फाटते.

"जुन्या घरांत कुठे होतं हे सगळं?" असा प्रश्न जावयांनी विचारला. चांगला प्रश्न आहे, कारण त्याच भागातल्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या घरांत पांढऱ्या पाइनच्या हातभर रुंद फळ्या आजही आहेत. त्यांच्यावर वरून, उघडे दिसतील असे घडीव खिळे मारलेले आहेत. या रुंदीमागे राजकारणही आहे. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत, जमिनीपासून एक फूट उंचीवर २४ इंच किंवा अधिक व्यासाची झाडं इंग्लंडच्या राजाकडे राखून ठेवलेली होती, आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी. लोकांना हे अर्थातच रुचलं नाही. १७७२ साली न्यू हॅम्पशरमधल्या वेअर गावी या झाडांवरून लाकूड गिरणीवाल्याला पकडायला आलेल्या शेरीफलाच लोकांनी झोडपून काढलं. तिथल्या जुन्या घरांतल्या फळ्या मोजल्या तर नेमक्या २४ इंचांच्या जरा आत भरतात, असं गमतीनं सांगतात.

पण त्या जमिनींकडे पाहताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, पांढरा पाइन ओकपेक्षा कमी आकसतो, आणि ती घरं हीटरने सगळीकडून तापवलेली नव्हती. एका चुलाण्यापाशी ऊब, बाकी खोल्या गारठलेल्या. त्यामुळे आतली हवा इतकी कोरडी होत नसे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या फळ्यांमध्ये फटी आहेत. चांगल्या ढळढळीत आहेत. आणि त्यांची कुणाला लाज वाटत नव्हती. आमच्या आजोळी माडीवरच्या फळ्यांच्या फटींतून खालच्या कंदिलाचा उजेड वर यायचा, आम्ही मुलं फटीला डोळा लावून खाली कोण आलंय ते बघायचो. ती जमीन बिघडलेली आहे, असं कधी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. रुंद फळी त्यांनी घेतली, आणि तिच्याबरोबर फटही घेतली. आपल्याला फळी जुन्या घरातली हवी आणि सफाई काचेची हवी.

घाईने काय होतं, ते तिथेच एका परिचितांच्या घरी पाहिलं. नऊ इंची ओकच्या फळ्या, ऑगस्टमधल्या दमट हवेत आल्या आणि तिसऱ्या दिवशी नुसते खिळे मारून बसवल्या. फेब्रुवारीत फटी पडल्या. काही फळ्या एकमेकींना घट्ट राहिल्या आणि त्या सगळ्यांचं आकसणं एकाच सांध्यात गोळा झालं, तिथे पट्टी लावून मोजलं तर पाच मिलिमीटर. कारागीर आला, त्याने फटींत लुकण भरलं. जुलैत फळ्या फुगल्या तेव्हा त्यांची परत यायची जागा लुकणाने अडवलेली. थोडं लुकण तुकडे होऊन वर आलं, बाकीच्या ठिकाणी कडा उचलल्या. मग त्याने उचललेल्या कडा यंत्राने घासून सपाट केल्या. पुढच्या हिवाळ्यात फळ्या वाळून मूळ आकारावर आल्या तेव्हा घासलेल्या कडा खाली गेल्या आणि प्रत्येक फळी मधे फुगीर दिसू लागली. पाहा, प्रत्येक उपाय त्या दिवसापुरता बरोबर वाटत होता. ऋतू मात्र कुणी विचारातच घेतला नव्हता. त्या कुटुंबानं या जमिनीवर किती वर्षांची बचत घातली होती, ते मला माहीत आहे, म्हणून हे हसण्यावारी नेता येत नाही.

आमच्याकडेही तोच धोका होता. २०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला होते, पाहुणे येणार होते, आणि घरातल्यांना वाटत होतं की नवी जमीन तोपर्यंत झालीच पाहिजे. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत फळ्या ठोकायच्या! मी म्हटलं, गणपतीला ओकच्या फळ्यांचं काय कौतुक? प्लायवुडवर सतरंज्या घाला. जावई आधी गप्प बसले, मग म्हणाले, "आई, लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत. लोकांनी मोदक खाल्ले.

दुसऱ्या कारागिराला काम दिलं. त्याने पहिल्याच दिवशी ओलावा मोजायचं यंत्र काढलं, ते पाहून मला बरं वाटलं. नियम असा आहे, की फळ्या तीन इंच किंवा अधिक रुंद असतील तर फळी आणि सबफ्लोअर यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. (अरुंद पट्टीला चार टक्क्यांपर्यंत चालतो.) म्हणजे "फळ्या चार दिवस घरात ठेवल्या" याला काही अर्थ नाही, चार दिवस लागोत की चाळीस, आकडा जुळला पाहिजे. आणि त्या तळघरात रचून ठेवून भागत नाही, ज्या खोलीत घालायच्या त्याच खोलीत हव्यात. आमच्या सबफ्लोअरला तळघरातून ओल येत होती, म्हणून आधी तळघरात हवा कोरडी करणारं यंत्र लागलं. मग करकरणारं प्लायवुड स्क्रूने तुळयांना आवळलं, कारण खालचा तक्ता हलत असेल तर वरची जमीन जन्मभर कुरकुरते. दहा इंचांवरून सगळे सात इंचांवर आले, तेही चर्चेअंती. काम झालं नोव्हेंबरमध्ये, हीटर सुरू झाल्यावर. भिंतीकडेला पाऊण इंच जागा सोडली, आणि ती झाकणारी पट्टी भिंतीला ठोकली, फळीला नाही. फळीला ठोकली असती तर सगळं मुसळ केरात.

फेब्रुवारीत फटी आल्या. दोन पोस्टकार्डं जातील एवढ्या, सगळ्या सारख्या. मे संपता संपता मिटल्या.

या सगळ्याविरुद्ध जे बोललं जातं तेही सांगायला हवं. चिकटद्रव्य लावल्यावर एखादी फळी बदलायची वेळ आली तर ती अखंड निघत नाही, खालचं प्लायवुडही सोलवटतं. हे खरं आहे, आणि म्हणून पूर्ण पाठ थापून चिकटवण्यापेक्षा रेघा बऱ्या, असं माझं मत. दुसरं, हल्ली वर लाकडाचा जाड पापुद्रा आणि खाली आडवे-उभे थर असलेल्या फळ्या मिळतात. त्यांचे थर एकमेकांना अडवतात, त्यामुळे त्या खूप कमी हलतात. ज्यांना रुंदी हवीच आणि फट नकोच, त्यांनी सरळ त्या घ्याव्यात. त्यात कमीपणा काही नाही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. त्याच्यावर थेट फळ्या ठोकता येत नाहीत, तिथे तर हाच मार्ग शहाणपणाचा. आणि आपल्याकडे ज्याला "वुडन फ्लोअरिंग" म्हणतात ते बऱ्याचदा लाकडाच्या भुश्याच्या तक्त्यावर चिकटवलेलं लाकडाचं छायाचित्रच असतं. त्याच्यावर हा लेख लागू नाही.

पण खरी, अखंड लाकडाची रुंद फळी घेणार असाल, तर किंमत विचारायच्या आधी कारागिराला तीन प्रश्न विचारा. ओलावा कशाने मोजणार आणि किती जुळल्यावर काम सुरू करणार? फळीचं पोट कशाने धरणार? हिवाळ्यात किती फट पडेल? तिसऱ्या प्रश्नाला जो "अजिबात पडणार नाही" म्हणतो, त्याला काम देऊ नका. जो खाली वाकून, फळीवर बोट ठेवून "एवढी" असं दाखवतो, त्याला द्या.

एक कड धरावी, एक सोडावी, या वाक्याची संसाराशी तुलना करायचा मोह मला फार होतो आहे. पण बाईंनी वर्गात प्रत्येक धड्याचं तात्पर्य सांगितलंच पाहिजे असं नाही. फटीत साचलेली धूळ झाडून घ्यावी, आणि मे महिन्याची वाट बघावी.